अडलेल्या शब्दापाशी

‘पाचूबंदर’ म्हणायला फारसे कष्ट पडत नाहीत. ओठ मिटायचे, आत जराशी हवा साठू द्यायची आणि ओठ उघडायचे. हे आपण करतो याचं आपल्याला भानही नसतं. तोतरेपणा असलेल्या माणसाचं नेमकं इथेच अडतं. ओठ मिटतात ते मिटलेलेच राहतात. गळा आवळतो, श्वास आतल्या आत थांबतो, मानेची शीर तटतटते. कधी डोळे गच्च मिटले जातात, कधी हाताची मूठ मांडीवर आपटते. शब्द त्याला पक्का ठाऊक असतो, तो बाहेर पडत नाही एवढंच. तीन सेकंद जातात, पाच जातात. समोर कंडक्टर तिकिटासाठी उभा, आजूबाजूची माणसं वळून बघायला लागलेली. तेवढ्यात कोणी तरी विचारतं, “कुठं जायचं तेच विसरलास काय रे?” मग ज्या थांब्याचं नाव तोंडातून निघेल त्याचं तिकीट काढायचं आणि पुढचं अंतर चालत जायचं.

शब्द टाळणं हा या माणसांचा रोजचा उद्योग असतो. हॉटेलात मिसळ खावीशी वाटते, पण आज ‘म’ अडणार हे आतून कळतं आणि इडली मागवली जाते. वर्गात उत्तर येत असतं, तरी मुलगा ‘माहीत नाही’ म्हणून खाली बसतो. सगळ्यात अवघड असतं स्वतःचं नाव सांगणं, कारण त्याला बदली शब्द नसतो. ही सगळी धडपड बाहेरच्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो एक घुमा, मठ्ठ किंवा काही तरी लपवणारा माणूस. चौकशी करणारा पोलीस असेल, तर तिसरा अंदाज ठरलेलाच.

पाचूबंदर ही वसईच्या किल्ल्याशेजारची, खाडी समुद्राला मिळते तिथली कोळ्यांची वस्ती. हिंदू आणि ख्रिस्ती अशी दोन्ही घरं इथे शेजारी-शेजारी आहेत. या भागावर लिहिणारे बहुधा चिमाजी अप्पा आणि १७३९ च्या वसईच्या लढाईपासून सुरुवात करतात. मला इथे लक्षात राहतो तो आवाज. मासेमारीचा धंदाच मुळी आवाजावर चालतो. बोटीच्या इंजिनावर मात करून नाखवा खलाशांना हाक घालतो. बोट लागली की लिलाव होतो, आणि त्यात आकडा वेळेवर तोंडातून पडला नाही तर पाटी दुसऱ्याची होते. बाजारात गिऱ्हाईक विचारतं, “कसे दिले?” ‘पाचशे’मधला ‘पा’ अडला, तर ‘चारशे’ म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो आणि शंभर रुपये एका अक्षरापायी जातात. समुद्रात वायरलेसवर तर चेहराही दिसत नाही. बोलणारा मध्येच थांबला की पलीकडच्याला वाटतं, संपर्क तुटला. फोनचंही तेच. पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ होतं आणि फोन ठेवला जातो.

जगभर प्रौढांमधल्या साधारण एक टक्का माणसांना तोतरेपणा असतो. म्हणजे हजार माणसांच्या कुठल्याही वस्तीत असे आठ-दहा जण असायला हवेत. आपल्याला ते दिसत नाहीत, कारण त्यांनी गप्प राहायचं शिकून घेतलेलं असतं.

याच वस्तीत हा तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो अशाही जागा आहेत. हळदीच्या रात्री गाणी सुरू झाली की बोलताना अडणारा मुलगा एकही अक्षर न अडखळता कडव्यामागून कडवं म्हणतो. ऑक्टोबर हा रोजरीचा महिना. घरातली सगळी एका सुरात प्रार्थना म्हणतात तेव्हा त्याचाही आवाज त्यांच्यात मिसळून सरळ चालतो. गणपतीच्या आरतीत तेच, सगळ्यांनी मिळून दोर ओढताना घातलेल्या हाळीतही तेच. प्रार्थना संपते, कोणी तरी विचारतं, “उद्या शाळा आहे ना?” आणि ‘हो’ म्हणायला त्याचा जीव जातो.

वाणीविकारांचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गाताना, इतरांबरोबर एका सुरात बोलताना, ठेक्यावर बोलताना, तान्ह्या बाळाशी किंवा कुत्र्या-मांजराशी बोलताना तोतरेपणा खूप कमी होतो किंवा थांबतो. बोलणं म्हणजे जीभ, ओठ, गळा आणि श्वास यांच्या हालचाली अचूक वेळेला एकामागोमाग घडवणं. ती वेळ आतून साधणारी मेंदूतली यंत्रणा या माणसांत थोडी वेगळी चालते, आणि बाहेरून ताल किंवा दुसऱ्याचा आवाज मिळाला की तिला आधार होतो, असा संशोधकांचा कल आहे. घरच्यांचा निष्कर्ष मात्र पार उलटा निघतो. “गाताना बरं येतं सगळं! म्हणजे बोलताना नाटकं करतो.” या एका वाक्याने किती मुलांना मार बसला असेल!

तोतरेपणा बहुतेक वेळा दोन ते पाच या वयात सुरू होतो. शंभरातली पाचेक मुलं कधी ना कधी त्यातून जातात आणि त्यांतली बरीचशी आपोआप बाहेर पडतात. बाहेर पडण्याचं प्रमाण मुलींत जास्त असतं. म्हणून मोठेपणी एका बाईमागे साधारण चार पुरुष तोतरे आढळतात. तो घराण्यातून उतरतो, हे पूर्वापार दिसत आलेलं आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांच्या घरात अनेकांना तोतरेपणा आहे अशा पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे जात, त्याच्याशी निगडित जनुकीय बदल दाखवून दिले. सगळ्यांच्या तोतरेपणाचा उलगडा त्याने होत नाही, पण भित्रेपणा, लाड, वाईट सवय ही जुनी कारणं टाकून द्यायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

आपल्याकडे ती कारणं अजून टाकलेली नाहीत. तोतऱ्याची नक्कल केली की आपणही तोतरे होतो, असं पोरांना बजावलं जातं, आणि त्यामुळे खेळात त्या मुलाला कोणी जवळ करत नाही. वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं जातं. पोपटाने चोच मारलेला पेरू खाऊ घातला जातो. तोंडात गोटी ठेवून बोलायला लावतात. जिभेखालची शीर कापून आणा, असा सल्ला देणारेही भेटतात. याबाबत शहाणा समजला जाणारा युरोपही मागे नव्हता. १८४१ मध्ये बर्लिनचा नामांकित शल्यविशारद डिफेनबाख तोतऱ्यांच्या जिभेचा तुकडाच काढत असे, आणि तेही भूल देण्याची सोय नसताना. वेखंड त्या मानाने निरुपद्रवी. पण उपायामागून उपाय होतात आणि गुण येत नाही, तेव्हा दोष मुलावर येतो: “एवढं केलं, पण याला स्वतःलाच सुधारायचं नाही.”

लोक तोतरेपणाकडे कसं बघतात, याची निरनिराळ्या देशांत एकाच प्रश्नावलीवर पाहणी करायचं काम वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या केनेथ सेंट लुईस यांनी चिकाटीने केलं. भाषा बदलली, धर्म बदलला, तरी काही समजुती पुन्हा पुन्हा भेटतात: ही माणसं लाजाळू असतात, घाबरट असतात, आणि त्यांना ‘हळू बोल, शांत हो’ सांगणं म्हणजे मदत करणं. असं सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एवढंच कळतं, की मी काय सांगतोय याच्याकडे कोणाचं लक्ष नाही, मी कसं सांगतोय याच्याकडे सगळ्यांचं आहे.

मोठ्यांच्या शब्दांनी मूल किती मोडतं, याचा एक दाखला १९३९ मधला आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे अभ्यासक होते. ते स्वतः तोतरे होते. मूल तोतरं होतं ते आईबापांनी त्याच्या अडखळण्याला नावं ठेवल्यामुळे, असं त्यांचं मत बनलेलं होतं. त्यांच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. बोलणं स्वच्छ असलेली सहा मुलं त्यांतून निवडली गेली. त्यांना महिनोन् महिने सांगण्यात आलं, की तुम्ही तोतरे व्हायला लागला आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. ती मुलं जन्माची तोतरी झाली नाहीत. पण ती बोलायची बंद झाली, वर्गात तोंड लपवू लागली, आणि त्यांतल्या काहींच्या आयुष्यातून तो धसका गेलाच नाही. विद्यापीठाने २००१ मध्ये माफी मागितली. २००७ मध्ये त्या मुलांपैकी हयात असलेल्यांना आणि मृतांच्या वारसांना मिळून ९ लाख २५ हजार डॉलरची भरपाई मिळाली. जॉन्सन यांच्या त्या मताने पुढे कित्येक वर्षं जगभरच्या आयांना गुन्हेगार ठरवलं. आपल्याकडेही मूल अडखळायला लागलं की पहिला प्रश्न आईलाच होतो: “तू त्याला ओरडतेस का गं?”

ऐकणारी माणसं हे सगळं शिकतात कुठे? बरंचसं घरात, आणि उरलेलं रंगमंचावर व पडद्यावर. गणेशोत्सवातल्या नाटुकल्यांत आणि गावच्या सोंगांत तोतऱ्याचं पात्र ठरलेलं असतं. त्याला काम एकच, अडखळायचं. पलीकडच्याने वैतागून त्याचं वाक्य पुरं करायचं आणि लोकांनी हसायचं. हिंदी सिनेमाने हे सोंग देशभर पोचवलं. १९९३ च्या ‘डर’मध्ये शाहरुख खानने रंगवलेला माथेफिरू प्रियकर नायिकेच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर, ‘क’वर, अडतो. त्या एका अडखळण्याची नक्कल अख्ख्या पिढीने केली. ज्यांच्या नावात ‘क’ होता आणि ज्यांची जीभ खरोखर त्यावर अडत होती, त्यांच्या शाळेतल्या मधल्या सुट्ट्या कशा गेल्या असतील याचा विचार कोणी केला नाही. तोतरा म्हणजे मनाने विकृत, हा संशयही त्या भूमिकेने लोकांच्या डोक्यात सोडला.

श्रेयस तळपदे या आपल्या मराठी नटाच्या दोन भूमिका शेजारी ठेवून बघाव्यात. २००५ च्या ‘इक्बाल’मध्ये त्याने ऐकू-बोलू न शकणारा गोलंदाज उभा केला. त्या मुलाचा राग, त्याची जिद्द, बहिणीशी हातवाऱ्यांनी केलेली थट्टा हे सगळं प्रेक्षकांनी मनापासून पाहिलं. तोच नट २०१० च्या ‘गोलमाल ३’मध्ये तोतरा आहे, आणि तिथे त्या तोतरेपणाला विनोदापलीकडे काही काम नाही. नटाला बोल लावण्यात अर्थ नाही. पहिल्या चित्रपटात लेखक-दिग्दर्शकाला त्या मुलाबद्दल कुतूहल होतं, दुसऱ्यात ते नव्हतं. प्रेक्षक म्हणून आपण दोन्हीकडे टाळ्या वाजवल्या, हेही खरं.

मला ‘कमीने’ (२००९) वेगळा वाटतो. विशाल भारद्वाज यांनी मुंबईत घडवलेल्या या कथेत शाहिद कपूर जुळ्या भावांच्या भूमिकांत आहे. चार्लीला ‘स’ म्हणता येत नाही, त्याच्या जागी ‘फ’ येतो. गुड्डू तोतरा आहे. चार्लीचा उच्चारदोष आणि गुड्डूचं अडणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढं भान ठेवणारे सिनेमे आपल्याकडे विरळा. गुड्डू समाजसेवी संस्थेत काम करतो, प्रेमात पडतो. त्याची स्वीटी ही भोपे भाऊ नावाच्या मराठी पुढाऱ्याची बहीण. अमोल गुप्ते यांनी तो पुढारी असा वठवलाय, की बोलण्याची सत्ता म्हणजे काय ते कळतं. हा घडाघडा बोलून माणसं जमवणारा, आणि समोर ज्याला आपलं म्हणणंही मांडता येत नाही असा गुड्डू. शब्द अगदीच फुटेनासा झाला की गुड्डू गाऊन सांगतो. हळदीच्या गाण्यात न अडणारा आपल्या कोळीवाड्यातला मुलगा इथे पडद्यावर दिसतो. गुड्डू तोतरा आहे, प्रियकरही आहे, हट्टी आहे, घाबरतो आणि लढतोही. त्याच्या स्वभावाचा हिशेब त्याच्या जिभेवरून मांडलेला नाही.

परदेशातली चित्रंही अशीच दोन टोकांची. ‘अ फिश कॉल्ड वांडा’ (१९८८) मध्ये मायकेल पॅलिन यांनी केलेल्या तोतऱ्या पात्रावर तिथे नाराजी झाली. पॅलिन यांचे वडील स्वतः तोतरे होते. पुढे लंडनमध्ये तोतऱ्या मुलांसाठी केंद्र उभं राहिलं, त्याला पॅलिन यांनी आपलं नाव दिलं. ‘द किंग्ज स्पीच’ने २०११ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेतलं. तो लिहिणारे डेव्हिड साइडलर लहानपणी तोतरे होते आणि ते प्रत्येक दृश्यात जाणवतं. त्यातला तोतरा राजा शेवटच्या भाषणातही अडखळतोच, फक्त बोलत राहतो. आपल्या बातम्यांनी त्या चित्रपटातून हे उचललं नाही. त्यांनी उचललं ते ‘मात केली’.

‘तोतरेपणावर मात करून शिखर गाठलं’ हा वृत्तपत्रांचा आवडता मथळा. हृतिक रोशन, राणी मुखर्जी यांच्याबद्दल तो अनेकदा छापून आला. शरद केळकर यांचं उदाहरण तर आपल्या घरातलं. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातला हा नट तरुणपणी तोतरा होता. त्यापायी सुरुवातीची कामं हातची गेली, असं त्यांनीच मुलाखतींतून सांगितलं आहे. त्याच माणसाच्या आवाजात हिंदी ‘बाहुबली’ देशाने ऐकला, आणि ‘तान्हाजी’त शिवाजी महाराजांच्या भूमिकेत तो आवाज घुमला. त्यांच्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण अशी गोष्ट दिवसाआड वाचणाऱ्या घरात काय होतं? “त्याला जमलं, तुला का नाही?” प्रौढ वयापर्यंत टिकलेला तोतरेपणा बहुतेकांच्या बाबतीत पुरता जात नाही. सरावाने तो सुसह्य होतो, अडलेल्या शब्दातून कमी झटापटीने बाहेर पडता येतं. तोतरेपणासह वकिली करणारे, शिकवणारे, बोट चालवणारे लोक आहेत. त्यांच्यावर बातमी होत नाही, कारण त्यांनी ‘मात’ केलेली नसते.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, आणि तो मराठी वाचकांपर्यंत पुरेसा पोचलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘आँख मिचोली’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यात विसरभोळ्या वडिलांना, ऐकू न येणाऱ्याला आणि तोतऱ्याला टोपणनावं दिली होती. तोतऱ्याचं होतं ‘अटकी हुई कॅसेट’. अपंग हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा त्याविरुद्ध न्यायालयात गेले. ८ जुलै २०२४ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जमशेद पारडीवाला यांच्या पीठाने निकाल दिला. चित्रपटावर कारवाई झाली नाही, पण दृश्य माध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली गेली. अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद आणि माणसाला आणखी पंगू करणारा विनोद, असा भेद न्यायालयाने केला. हिणवणारे शब्द टाळा, एखाद्या स्थितीची वैद्यकीय माहिती नीट तपासून घ्या, पात्र लिहिताना त्या अनुभवातून गेलेल्या माणसांना सोबत घ्या. आणि या माणसांची टर उडवू नका, तसंच त्यांना अचाट पराक्रमीही ठरवू नका. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘गोलमाल’ आणि ‘मात केली’ या दोन्हींना त्यात एकत्र उत्तर आहे.

कायद्याची दुसरी बाजू मात्र लंगडी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ आहे. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकल्याने किंवा मेंदूच्या इजेने वाचा गेल्याने येणाऱ्या कायमच्या दिव्यांगत्वाभोवती फिरते. लहानपणापासूनच्या तोतरेपणाचं तिथे नावही नाही. प्रमाणपत्र मिळत नाही म्हणून परीक्षेत सवलत नाही, आणि तोंडी परीक्षा तर सगळ्यांना सारखीच. दहावीच्या भाषा विषयांत २० गुण शाळेकडे असतात. त्यांत तोंडी परीक्षेचा वाटा असतो. ज्याला उत्तर येतं पण वर्गासमोर म्हणता येत नाही, त्याने काय करायचं?

दार अगदीच बंद आहे असं नाही. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाचा दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर आहे, एवढ्याच कारणावरून एमबीबीएसचा प्रवेश नाकारला गेला. त्याची अडचण तोतरेपणाची नव्हती, दुभंगलेल्या टाळूमुळे उच्चार बदलण्याची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश द्यायला लावला. न्या. भूषण गवई यांच्या पीठाने ऑक्टोबरमध्ये सविस्तर कारणं दिली: नुसती टक्केवारी बघून कोणाला बाद करता येणार नाही, तो अभ्यासक्रम त्याला झेपेल का हे तज्ज्ञांनी तपासून सांगायला हवं. पोलीस भरतीपासून बँकेच्या मुलाखतीपर्यंत ही कसोटी लावली, तर किती तरी तोतऱ्या तरुणांना न्याय मिळेल.

पाचूबंदरच्या आईबापांनी मूल अडखळायला लागल्यावर जायचं कुठे? वसई रोडहून चर्चगेटची लोकल धरली की वांद्रे. तिथे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. मुंबई सेंट्रलजवळ नायर रुग्णालयात वाचाविकारांचा विभाग आहे. अडखळणं सहा महिन्यांवर टिकलं, घराण्यात कोणी तोतरं असलं किंवा मूल बोलायला बिचकू लागलं, तर वाट बघू नये. शाळेत जायच्या आधीच्या वयात, आईबापांना हाताशी धरून केलेल्या उपचारांचा गुण चांगला येतो. मोठ्यांसाठी ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ ही तोतऱ्या माणसांनीच चालवलेली संस्था आहे. तिची सुरुवात डेहराडूनजवळच्या हर्बर्टपूरहून डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांनी केली. मुंबई-पुण्यात तिचे गट भरतात. तिथे बरं करायचं आश्वासन देत नाहीत. तिथे अडखळत बोलायला जागा देतात, आणि अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा वाक्य पुरं करू दिलं जातं ते तिथेच.

शिक्षकांकडे माझं एक मागणं आहे. तोंडी परीक्षा अशा मुलाची एकट्याची घ्या, त्याला वेळ द्या, आणि गुण उत्तराला द्या. शाळेच्या अधिकारात हे बसतं, त्यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट बघायला नको. स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यात तोतऱ्याचं पात्र असेल तर ते काढा. काढायचं नसेल, तर त्याला अडखळण्याशिवाय दुसरं काही तरी काम द्या.

२२ ऑक्टोबर हा १९९८ पासून आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिन म्हणून पाळला जातो. २०२५ मध्ये त्याच दिवशी दिवाळीचा पाडवा होता. सणासुदीला घरोघरी पाहुणे येतात, मुलांना विचारलं जातं, “नाव काय तुझं, कितवीत आहेस?” उत्तर अडलं तर त्याच्या तोंडचं वाक्य पुरं करू नका. ‘सावकाश बोल’ म्हणू नका, आईकडे बघू नका. त्याच्याकडे बघा आणि तो सांगेपर्यंत थांबा.